तळ्यातला शार्क

मंगळवारचा बाजार उतरणीला लागला तरी कौशल्याबाईच्या पाटीतला एकही मासा उठला नव्हता. गिऱ्हाईक यायचं, वाकायचं, विचारायचं, "माल कुठला?" तळ्यातला म्हटलं की ताठ व्हायचं आणि नाकाला पदर लावून पलीकडच्या सुकटवाल्याकडे जायचं. कुठून कुठून फिरून आलेली शिळी सुकट लोकांना चालत होती. सकाळी जाळ्यातून काढलेला राहू चालत नव्हता.

"कावून ग दगडाबाई, तू पण?" तिने नेहमीच्या गिऱ्हाइकाला हटकलंच.

दगडाबाई जागीच थबकली. "माणूस खाल्लेल्या तळ्यातला मासा हाय माय तो. लेकरांच्या ताटात कसा वाढू?"

"राहू माणूस खातो व्हय?"

"राहू न्हाई, शार्क. केदारशेठच्या टीव्हीवर समद्यांनी बघितला. हे एवढाले दात."

केदारशेठ म्हणजे मन्मथप्पा वाण्याचा थोरला, केदारनाथ. गावातली टीव्हीची एकुलती एक छत्री त्याच्या गच्चीवर, आणि रस्त्याच्या कामाला मुरूम पुरवायचा ठेकाही त्याचाच. उन्हाळ्यात तळं आटलं तेव्हा त्याच्या पोकलेनने उताराच्या तोंडाशीच मुरूम उपसला आणि हत्ती बुडेल असा खड्डा तसाच सोडला. पावसात तळं भरलं. पाणी काय, वरून सगळीकडे सारखंच दिसतं. रुक्मिणीबाईचा भागवत म्हैस धुवायला नेहमीच्या उताराने उतरला. म्हैस पोहून बाहेर आली. भागवत तिसऱ्या दिवशी वर आला, पाय कुरतडलेला.

त्याच संध्याकाळी केदारनाथने दुकानापुढे टीव्ही मांडला. ज्याच्या उंबऱ्याआत सात पिढ्यांत मासा आला नाही, तो गावाला माशाचे दात समजावून सांगू लागला. मत्स्यबीज कलकत्त्याहून येतं, त्यात एखादं पिल्लू आलं असणार, म्हणाला. गावाने खड्डा डोळ्यांनी बघितला होता आणि शार्क काचेत. विश्वास बसला तो शार्कवर. शार्कच्या ट्रॅक्टरवर कुणाचं पोरगं कामाला नव्हतं. केदारनाथच्या ट्रॅक्टरवर निम्म्या गल्लीची होती.

समोरची माणसं एकदम बाजूला सरकली. रुक्मिणीबाई येत होती. सरळ पाटीपाशी आली. कौशल्याबाईने घाईघाईने माशांवर गोणपाट ओढलं. चोरी केली नव्हती, तरी लाज वाटली.

"झाकतीस कावून? सगळ्यात मोठा कोणता?"

"अक्का, परवाच तेरावा झाला. तुमी मासा..."

"खायाला न्हाई मागत. पाटी उचल, विळी घे आन चल संगं."

तिने रस्ता ओलांडला आणि मन्मथप्पांच्या दुकानाची पायरी दाखवली. कौशल्याबाईने आपला हिशोब केला. बाजारातली तिची जागा केदारनाथच्या एका शब्दावर हलली असती. हलली तर हलली. आज जागेवर बसून तरी तिने काय दिवे लावले होते? तिने पायरीवर पाटी टेकवली, विळी मांडली, पाटावर पाय ठेवला.

केदारनाथ गल्ल्यावरून उठून धावत आला. "मावशी, हे काय? आमचं घर कोणतं, ही पायरी कुणाची, काय इचार?"

"तूच म्हणलास बाबा, माझं लेकरू माशानं खाल्लं," रुक्मिणीबाई म्हणाली. आवाज चढला नाही, म्हणून बाजार आणखी जवळ सरकला. "मंग धुंडू दे की मला. कौशल्ये, फाड."

राहू उभा चिरला गेला. दगडी पायरीवर पातळ रक्त ओघळलं. रुक्मिणीबाईने चार बोटं पोटात घालून आतलं सगळं बाहेर काढलं आणि केदारनाथच्या पायापुढे पसरलं.

"शेवाळ हाय. चिखल हाय. माझा भागवत न्हाई."

"हा साधा मासा हाय, मावशी. तो अजून तळ्यातच हाय."

"मंग दाव चल. मी येते. त्या उतारानं माझ्या म्होरं तू उतर. शार्क आला तर मला खाऊ दे. पर पयला पाय टाकशील तू."

केदारनाथने गर्दीकडे बघितलं. पुढेच त्याच्या ट्रॅक्टरवरचा पंडित उभा होता. "बघतो काय बे? उचल ही घाण."

पंडितने खाली पसरलेल्या शेवाळाकडे बघितलं. तो हलला नाही. भागवत त्याचा चुलतभाऊ होता, आणि पंधरा दिवस त्यानेही शार्कच सांगितला होता.

"ऐकू येत न्हाई का?"

"उतारावरचा मुरूम ट्रॅक्टरात मीच भरलाय शेठ," पंडित म्हणाला. "आमालाबी ठावं हाय तिथं काय हाय ते."

कपाळावर भस्माचे पट्टे ओढलेले मन्मथप्पा तोवर गादीवरून उठून दारात आले होते. गळ्यातलं लिंग त्यांनी मुठीत धरलं होतं. एवढ्या जवळून चिरलेला मासा त्यांनी जन्मात पाहिला नसावा.

"आप्पा, तुमी आत व्हा. इटाळ हाय इथं."

"खड्डा किती खोल हाय, केदार?"

केदारनाथ गल्ल्याकडे वळला.

"तुला इचारतोय. किती?"

रुक्मिणीबाईने उत्तराची वाट पाहिली नाही. हात पदराला न पुसताच तिने पाटीवरचं गोणपाट फेकून दिलं.

"कौशल्ये, दुसरा घे."

पायरी रक्ताने भरली होती. मन्मथप्पा वाकले, कडेला काढलेल्या आपल्या वहाणा उचलल्या आणि दुसऱ्या माशाला जागा करून दिली.