साडेचारचं ॲव्हरेज

सुरतेतल्या लिंबायतच्या पार्वताबाईंचा ट्रक एकच, पण तोरा दहांचा. चालवायला एकुलता जावई. “शेजारणीचा ड्रायव्हर लिटरला चार किलोमीटर काढतो, जावईबापू. तुम्ही काय डिझेल पिता?” त्या चारचौघांत विचारत. पुढं जावयानं साडेचार काढून दाखवले आणि बाईंनी गल्लीभर मिरवलं. आज कापसाच्या गाठी भरून धुळ्याहून सुरतेला परतताना त्याही केबिनमध्ये बसल्या होत्या. कोंडाईबारी घाटाचा उतार लागला तशी त्यानं गाडी न्यूट्रल केली. इंजिनाची गुरगुर मंदावली. भरला ट्रक धोंड्यासारखा घरंगळू लागला. “हे काय?” “असंच डिझेल वाचतं, मामी.” वळणावर सासूबाईंचा खांदा दारावर आपटला, डोळ्यांपुढे लेकीचं कुंकू आलं. “गिअर टाका! डिझेल माझं आहे, जाळा!” त्यानं दांडा रेटला. तो करकरला, बसला नाही. “या वेगात गिअर पडायचा नाही. घाबरू नका, मामी, दर खेपेला असाच उतरतो.”