घोरत नाई

"बाई, रात्री घोरता का तुम्ही?"

डॉक्टरांनी फाइलमधून डोकं वर न काढताच विचारलं. भागीरथाने डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढला. शेजारी जावई उभा होता.

"नाई जी," ती म्हणाली. "मी कायले घोरू?"

भैयाजीने बायकोकडे पाहिलं नाही. समोरच्या भिंतीवर हृदयाचं लाल-निळं चित्र होतं, त्याच्याकडे पाहत राहिला.

दहा दिवसांपूर्वी कापूस वेचता वेचता भागीरथा छाती धरून खाली बसली होती. जावई प्रफुल गाडी घेऊन धावत आला, म्हणून चंद्रपूरला वेळेत पोचले. हृदयाची एक नळी जवळजवळ बंद झालेली निघाली. स्टेंट टाकला. आजची ही पहिली फेरतपासणी.

"बीपीच्या तीन गोळ्या चालू आहेत, तरी बीपी उतरत नाही," डॉक्टर म्हणाले. "आत्ता बाहेर बाकावरही तुम्ही बसल्या बसल्या झोपलात, सिस्टरनी दोनदा हाक मारली. म्हणून विचारतो. काही माणसांचा झोपेत घसा मिटतो, श्वास अडतो. रक्तातला ऑक्सिजन कमी होतो आणि हृदयावर ताण पडतो. एकदा नाही, रात्रभर. असं वर्षानुवर्षं चाललं तर नुसत्या स्टेंटनं भागत नाही." त्यांनी भैयाजीकडे पाहिलं. "काय भाऊ? तुमच्या कधी लक्षात आलं?"

भैयाजीला लेकीचं लग्न आठवलं. मंजुषाच्या लग्नात, भर मांडवात, नव्या व्याह्यांना तो मोठ्याने म्हणाला होता, "पाव्हणे, राती आवाज आला तर भेऊ नका. आमच्या घरी माजरीच्या कोळसा खाणीतला डंपर चालते." मांडव हसला होता. नवरदेव प्रफुलही हसला होता. भागीरथा तोंडाला पदर लावून हसली, आणि त्या रात्री आचाऱ्यांजवळ जाऊन लसूण सोलत बसली, ती उजाडेपर्यंत. तेव्हापासून ती परक्या घरी आडवी झाली नाही. लेकीच्या बाळंतपणाला पाच दिवस राहिली, तर सुजलेले डोळे घेऊन परतली. भैयाजीला ते दिसलं होतं. त्याने विचारलं मात्र नव्हतं.

आता त्याच जावयासमोर पुन्हा तेच सांगायचं.

"नसेल तसं काही, तर मग सोडून देऊ," म्हणत डॉक्टरांनी फाइलचं पान उलटलं.

"घोरते साहेब."

भागीरथाची मान आणखी खाली गेली. "काऊन जी..." एवढंच तिच्या तोंडून निघालं.

"लय घोरते," भैयाजी म्हणाला. "पंधरा-सोळा वर्सं झाली. मी बाहेर छपरीत खाट टाकतो."

"आवाज मधेच थांबतो का? एकदम शांत, आणि मग गुदमरल्यासारखा मोठा श्वास?"

"थांबते."

"किती वेळ? अंदाजे सांगा."

प्रफुल खिडकीबाहेर पाहू लागला. भैयाजीने खांद्यावरचा दुपट्टा काढून मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी धरून ठेवला. दहा सेकंद, वीस सेकंद, काहीही सांगता आलं असतं.

"मोजलं नाई साहेब," तो म्हणाला. "थांबलं का मले बरं वाटे. म्हनो, आता लागन झोप."

डॉक्टरांनी कागदावर झोपेची तपासणी लिहिली. एक रात्र बोटाला आणि नाकाला यंत्र लावून झोपायचं, ते घरीच होतं, दुखत नाही, असं सांगितलं. श्वास अडतो असं निघालं तर त्यावर इलाज आहे, म्हणाले. प्रफुलने कागद घेतला आणि गाडी काढायला पुढे निघून गेला.

भैयाजी उठला. हात द्यायला वाकला, पण त्याला तिच्याकडे बघवेना. भागीरथाने त्याचा हात धरला, उठली, आणि तिथेच उभी राहिली. इतका वेळ तिने मान वर केली नव्हती, ती आता केली.

"मंग लागे का जी?" तिने विचारलं. "तेवढ्यात तरी लागे का तुमाले झोप?"