हलका हात

आठ दिवस झाले, प्रयोगशाळेत बकऱ्याची आखडलेली रक्तवाहिनी औषध घालूनही सैल होईना. आज झाली नाही, तर विमलाच्या हातून एम.एस्सी.चा विषयच जाणार होता.

"रक्तवाहिनी साफ कशी करतेस?" सरांनी विचारलं.

"आतूनसुद्धा, सर! कापसाने घासून, तीन-तीनदा."

सर हसायलाच लागले. "अगं, आतला पातळ थरच तिला सैल हो म्हणून सांगतो. चार वर्षांपूर्वी शोध लागलाय. तोच तू रोज घासून काढतेस! जरा हात आवर."

विमलाने हात आवरला. दुपारी औषधाचे थेंब पडले आणि ताण नोंदणारी कागदावरची सुई झकास खाली उतरली.

संध्याकाळी ती उड्या मारतच बोरीवलीला घरी आली. बाळ सासूबाईंच्या मांडीवर गाढ झोपलं होतं. हनुवटीवर दुधाचा ओघळ, गालाला मऊ भाताचं शीत. विमलाने सवयीने पदर ओला केला, पुढे झाली आणि थबकली. मग पदर तसाच सोडून शेजारी निवांत टेकली.

सासूबाईंनी घाबरून तिच्या कपाळाला हात लावला. "ताप-बिप इलो काय गो तुका?"