झाकणावरची भिंत

धाकट्याच्या मोरीत बादली उपडी झाली आणि इकडे आईच्या बाथरूमची जाळी गुडगुडली. मग जाळीतून काळपट पाणी वर आलं, फरशीभर पसरलं आणि तिच्या वॉकरच्या पायांशी येऊन थांबलं. पाण्यावर चहाचा चोथा तरंगत होता. म्हणजे धाकट्याकडचाच, थोरल्याकडे सगळे कॉफी पितात.

आईच्या तोंडात शिवी आली. ती तिने गिळली नाही. दोन्ही घरांत ऐकू जाईल अशी खणखणीत दिली.

गेले कित्येक दिवस ती शेजारणीकडे जाऊन सगळं उरकत होती. वॉकर सरकवत, पायरी उतरून, गेट ओलांडून. या वयात सकाळी सकाळी दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं आणि विचारायचं, ‘जरा आत जाऊ का गं?’ दोन धडधाकट मुलगे असताना.

मुलगे हातावर हात ठेवून बसले नव्हते. थोरल्याने आपल्या बेसिनमध्ये डबाभर पावडर ओतली. धाकट्याने आपल्या मोरीत रबरी पंप हाणला. थोरल्याचं निदान होतं, धाकट्याकडे मोरीत तेल ओततात. धाकट्याचं निदान, थोरल्याकडच्या बायकांचे केस. बोलणं बंद असल्यामुळे ही निदानं एकमेकांना सांगता येत नव्हती. दोघेही आईला येऊन सांगून जायचे.

“अरे, एकाचंच तुंबलं तर त्याच्या नळीत काहीतरी अडकलंय,” आई म्हणायची. “तिघांचंही तुंबलं म्हणजे मैल्याची सामायिक टाकी भरलीय. एवढं कळायला थोडी अक्कल लागते. वाटणीत ती कुणाच्याच वाट्याला आली नाही, त्याला मी काय करू?”

शेवटी तिनेच फोन करून टाकी उपसणाऱ्याला बोलावलं.

तो आला तो कपाळाला आठ्या घालूनच. गाडी गेटला लावली, जाडजूड पाइप खांद्यावर घेतला आणि अंगणात येऊन उभा राहिला.

“झाकण कुठंय?”

आईने वॉकरवरचा एक हात उचलून भिंत दाखवली.

अंगणाच्या मधोमध छातीएवढी भिंत होती. अलीकडचं थोरल्याचं, पलीकडचं धाकट्याचं. भिंत बांधताना गवंड्याने सांगितलं होतं, खाली टाकीचं झाकण आहे, हातभर सरकवून घेऊ. पण कुणाच्या बाजूला सरकवायची, यावर गाडं अडलं. हातभर जमीन सोडायची म्हणजे काय चेष्टा आहे? आई बोलायला गेली, तर ‘तू यात पडू नकोस’ असं ऐकून परत आली. भिंत झाकणावरूनच गेली, अगदी ओळंब्यात.

गाडीवाल्याने खाली वाकून पाहिलं. झाकणाची एक कड भिंतीच्या या बाजूला दिसत होती. त्याने भिंतीवरून डोकावलं. दुसरी कड त्या बाजूला होती.

“हे कुठल्या शहाण्याने केलं?”

“दोघांनी मिळून,” आई म्हणाली. “एकट्याला जमण्यासारखं काम नाही हे.”

तेवढ्यात दोन्ही दारं उघडली. थोरला भिंतीच्या अलीकडे येऊन उभा राहिला, धाकटा पलीकडे. दोघेही गाडीवाल्याकडेच पाहत होते.

“एवढा तुकडा उतरवावा लागेल,” गाडीवाल्याने हाताने दाखवलं. “मग झाकण निघेल. टाकी उपसली की भिंत परत बांधून घ्या.”

“उतरवा की,” थोरला म्हणाला. “पण परत बांधताना ती बोटभरसुद्धा सरकता कामा नये. त्यांना आधीच सांगून ठेवा.”

“त्यांनाच सांगा,” धाकटा म्हणाला. “भिंत निघाली की यांच्या कुंड्या दुसऱ्या दिवशी माझ्या अंगणात. चांगला ओळखून आहे मी.”

“म्हणजे उतरवायची की नाही?”

“भिंतीला हात लावायचा नाही,” धाकटा म्हणाला. “त्यापेक्षा मी माझी वेगळी टाकी बांधतो.”

थोरल्याचा चेहरा उजळला. “हे बाकी बरोबर आहे. मीही वेगळीच बांधतो. रोजची कटकट तरी मिटेल.”

कधी नव्हे ते दोघांचं एकमत झालं होतं, आणि झालं तेही कशावर! आईला किळस आली. मोरीतल्या पाण्याचीही तिला एवढी आली नव्हती.

गाडीवाल्याने खांद्यावरचा पाइप धप्पकन खाली टाकला.

“आणि आजींची लाईन कुणाच्या टाकीत जोडायची?”

धाकट्याने थोरल्याकडे पाहिलं. थोरल्याने आपल्या चपलेकडे. पलीकडच्या घरात वॉशिंग मशीन पाणी सोडत असल्याचा आवाज येत राहिला.

आईने त्यांना वेळ दिला. एखादा तरी तोंड उघडेल, असं तिला वाटलं. आणि तसं वाटलं म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

“नका रे डोकं शिणवू,” ती म्हणाली. “माझा पाइप बाहेर काढा आणि भिंतीच्या टोकाशी उघड्यावर सोडून द्या. पण बरोब्बर मध्ये हं. वास दोघांना निम्मा निम्मा गेला पाहिजे. एखाद्याला जास्त मिळाला तर पुन्हा तंटा नको.”

गाडीवाला खो खो हसला. थोरला हसला नाही. त्याने भिंतीच्या टोकापर्यंत नजर नेली आणि विचार करत मान हलवली.

धाकट्याने घराकडे तोंड करून बायकोला हाक मारली, “अगं, जरा मोजायची टेप आण गं.”