विहिरींचा खण

"सर, आता कुणी तुम्हाला पुस्तक विचारणार नाही!" संगणक सांभाळणारी ऋजुता कौतुकाने म्हणाली होती. खरंच, ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर शब्द टाकताच सर्व्हर आपल्या सूचीतून पुस्तक शोधून देई. तीस वर्षांत सगळी कपाटं मुखोद्गत झालेले ग्रंथपाल मणेरीकर मात्र मनातून जळत होते.

म्हणूनच सूचीसाठी ऋजुताला पुस्तकांच्या नोंदींच्या कार्डांचे खण देताना त्यांनी विहिरींच्या पुस्तकांचा खण तेवढा दडवला होता. त्यासाठी तरी लोक आपल्यालाच विचारतील!

आज मैत्रिणीसोबत आलेल्या एका मुलीने ग्रंथालयातल्या संगणकावर ‘विहीर बांधणी’ शोधलं. पडद्यावर उत्तर उमटलं: ‘एकही पुस्तक नाही.’ मणेरीकर खुर्चीत सरसावून बसले.

"चल गं, इथे नाहीच," मैत्रिणीला म्हणत ती त्यांच्याकडे न बघताच निघाली.

मणेरीकरांनी खण ऋजुताच्या टेबलावर ठेवला.

"अगंबाई, हा राहिलाच होता का, सर?"

"राहिला नव्हता, मीच दडवला होता," म्हणत ते मुलीला थांबवायला धावले.