हिरवी नवरी

“कॉम्प्युटरच्या पोटात रंग नसतात, नुसते आकडे! आतलं ग्राफिक्स कार्ड त्या आकड्यांची कमी-जास्त वीज करतं, ती या वायरीतून येते, तेव्हा काचेवर रंग जन्माला येतो. मी जिवंत असेपर्यंत हा मॉनिटर हलणार नाही!” जुन्या फोटोंत रंग भरणाऱ्या कुमुदताईंनी जाहीर केलं आणि पडद्यावरच्या फोटोतली नवरी हिरवीगार झाली. कुंकू काळं पडलं.

मुलानं बोलावलेला भंगारवाला काटा घेऊन दारात उभा होता. “झालं ना, आई?” मुलगा म्हणाला. “उचलू दे त्यांना.”

“मेलेला नाही तो! लाल रंगाची पिन रुसलीय.” ताईंनी मागचा प्लग मुठीत आवळला. कुंकू लालभडक झालं.

“हात काढ बघू.”

काढला. नवरी पुन्हा हिरवी.

मुलाकडे ढुंकूनही न बघता ताई भंगारवाल्याला म्हणाल्या, “दादा, काटा ठेवा खाली. शालू रंगवून होईपर्यंत एवढा प्लग दाबून धरता का?”