गालातली काडी

डॉक्टर ऑपरेशनच्या संमतीचा कागद पुढं करून उभे होते आणि इस्तारी पेन धरून नुसता बसला होता.

"कर ना बे सही," त्याचा दोस्त सादिक म्हणाला. मुलचेऱ्याहून त्याच्याच जीपनं ते चंद्रपूरला आले होते. "बायकोचा गाल पाह्य कसा सुजला."

इस्तारीनं सही केली.

इस्तारीची बायको चंदा लहानपणी बैलबंडीवरून बांबूच्या कुंपणावर पडली होती. एक काडी नाकातून आत शिरली आणि गालाच्या हाडातल्या पोकळीत मोडली. जखम भरली, काडी राहिली. पंधरा वर्षं डावी नाकपुडी गळायची, डोकं ठणकायचं. मशीनच्या फोटोत आत्ता कुठं ती दिसली.

"तीन वर्षं झाले मी सांगून राह्यलो, दाखव म्हणून," बाहेर आल्यावर सादिक म्हणाला. "काऊन टाळत होता?"

इस्तारी तलावातले झिंगे, म्हणजे बारीक कोळंबी, सुकवून विकायचा. अंगाचा वास साबणानं जाईना. लग्नासाठी पाहायला गेला तेव्हा तीन पोरींनी पाहुण्यांदेखत नाकाला ओढणी लावली होती. चंदाच्या भावानं मात्र आधीच सांगितलं, "पोरीले वास येत नाई." इस्तारी तिथल्या तिथं हो म्हणाला. बसमध्ये, पंगतीत तो सगळ्यांपासून लांब बसायचा. फक्त चंदाला खेटून बसायचा.

"आता तिचं नाक सुधरन," तो म्हणाला. "मंग ती राहीन का माह्याजवळ?"

सादिकला हसू आलं होतं, ते त्यानं गिळलं. खिशातून अत्तराची कुपी काढून इस्तारीच्या गळ्याला चोपडली. "आजचं तं भागव."

दोन तासांनी डॉक्टरांनी वाटी दाखवली. आत बोटाच्या पेराएवढी, काळी पडलेली काडी.

"बाई ठीक आहे. आता त्रास नाही होणार."

इस्तारीनं त्या वाटीलाच हात जोडले. सादिकनं पाठीत धपाटा घातला.

संध्याकाळी चंदा उशीला टेकून बसली होती. डाव्या नाकपुडीत कापूस. इस्तारी दाराशीच थांबला.

"तिकडं काऊन उभे? डोकं कसं हलकं झालं हो माह्यं!" ती म्हणाली. तो जवळ आला तसं तिनं नाक वर केलं. "हे काय लावून आले? अत्तर?"

"तुले वास येते? कापूस तं तसाच हाय."

"तो डाव्या बाजूले हाय. उजवी कधी बंदच नव्हती."

इस्तारी खाटेच्या काठावर बसला. "मंग झिंग्याचा?"

"लग्नाच्या मांडवातच आला होता." चंदानं त्याचा हात धरून त्याला जवळ ओढलं. "सांगितलं असतं, तं तुमी मले असे खेटून बसले असते का?"